राखून ठेवलेली जागा

गावात लग्न निघालं की आमच्या वाडीसाठी जेवण राखून ठेवत. पंगतींमागून पंगती उठायच्या, वाढपी दमून ओटीवर पाय पसरायचे, आणि मग कोणाला तरी आठवण व्हायची की बाहेर माणसं बसलीयत. तोवर आम्ही मांडवापासून लांब, फणसाच्या मुळांवर. मी आईला टेकून वास घेत बसायचो. वासाला विटाळ नसतो, तो आम्हाला सगळ्यांच्या बरोबरीने मिळायचा. कधी भात-आमटी भरपूर यायची, कधी नुसता भात, एकदा तर भाताच्या टोपाची खरवडच आली. पण आई कधी त्याला उरलेलं म्हणायची नाही. ‘आमचां राखून ठेवलेलां आसा,’ असं म्हणायची आणि तिच्या आवाजात चक्क हक्क असायचा. मला त्या हक्काचा लहानपणापासून राग यायचा. उपाशी पोटी आला की राग जास्तच कडू लागतो.

आमची वाडी मालवणच्या खाडीपलीकडे, माडांच्या आडोशाला. आम्ही महार. बाप तापाने गेला तेव्हा मी शाळेच्या पडवीत बसून बाराखडी गिरवत होतो. पडवीतच, कारण आत बसायची आम्हाला मुभा नव्हती. आई माडाची चुडतं विणायची. वाळल्या झावळ्या खाडीच्या पाण्यात भिजत घालायच्या, मग पात्यात पातं अडकवून त्यांची झापं करायची, पावसाळ्याआधी लोक ती छपरावर घालायला नेत. तिची बोटं कायम खरखरीत असायची. त्या बोटांनी तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला की केस ओढले जात, आणि मी ओरडायचो.

मी शिकलो ते तिच्या हट्टामुळे. मला शाळा आवडायची असं आता म्हणणं सोपं आहे, पण तेव्हा मला खाडीत खुबे-शिंपल्या काढायला जास्त आवडायचं. फायनल पास झालो, मग मास्तरकीचं शिक्षण घेतलं, आणि एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत एक दिवस नेमणुकीची ऑर्डर आली. राखीव जागेवर नेमणूक, असं तीत लिहिलेलं होतं. मी आईला ते वाचून दाखवलं. ती चुडत विणता विणता थांबली.

“राखीव म्हणजे? राखून ठेवलेली काय रे?”

“होय.”

“म्हणजे सगळ्यांचां झाल्यार उरलेली?”

मला इतका संताप आला की मी जवळजवळ ओरडलोच. “उरलेली नाय गो! आधीच काढून ठेवलेली. सरकारान. आमच्यासाठी.”

“आधीच?” तिला ते काही केल्या पटेना. राखलेलं आधी काढतात, हे तिच्या आयुष्यात कधी झालेलं नव्हतं. बराच वेळ ती तो शब्द घोळवत राहिली. मग तिने विचारलं, “आणि थंय बसूक काय?”

“खुर्ची.”

तिने उभ्या जन्मात एकच खुर्ची जवळून पाहिली होती, शेतसारा घ्यायला आलेल्या साहेबाची, आणि तीही झाडलोटीच्या निमित्ताने. “तुका खुर्चेर बसलेलो मी बघूक येतलंय,” ती म्हणाली. मी म्हटलं, ये, पण आधी मला जरा स्थिरस्थावर होऊ दे. मग तिने पुन्हा विणायला घेतलं आणि विणता विणता मधेच हसली. आईला मी हसताना फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून ते ध्यानात राहिलं.

मला मिळालेलं गाव समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीत होतं. तिथे शाळेला इमारत नव्हती. त्या काळी अशी कितीतरी गावं होती, शाळा देवळातच भरायची. गावच्या देवाच्या सभामंडपात पोरं मांडी घालून बसायची, मागच्या भिंतीला काळा रंग फासून फळा केलेला होता आणि फळ्याखाली स्कूल बोर्डाने दिलेली सागवानी खुर्ची, चांगली हातांची. ऑर्डर काढणाऱ्यांनी माझी जात वाचूनच मला नेमलं होतं, पण शाळा कुठे भरते हे बहुधा कोणी वाचलं नव्हतं.

जुन्या मास्तरांची बदली झाली होती. गृहस्थ वाईट नव्हते. ते पायरीवर उभे राहिले, मी खाली अंगणात, आणि असाच चार्ज दिला-घेतला. हजेरीपट त्यांनी पायरीवर ठेवला, मी उचलला. निघताना म्हणाले, “तुमचं बरं आहे हो. तुम्हाला सवलत आहे.” मी म्हटलं, “होय, आहे ना,” आणि भर उन्हात तसाच उभा राहिलो. हा शब्द माझ्या आधीच गावात पोचलेला होता. दुसऱ्या दिवसापासून माझं नावच ‘सवलतीचो मास्तर’ पडलं. मला हाक मारतानाही लोक ते शब्द वापरत आणि त्यांत काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नसे.

मास्तर देवळात घ्यायचा की नाही, हा पेच गावासमोर पडला. कायदा होता, हे त्यांना ठाऊक होतं. मीही त्यांना ते सांगितलं, जरा चढ्या आवाजातच सांगितलं. मानकरी, म्हणजे देवळात ज्याचा पहिला मान तो म्हातारा, शांतपणे म्हणाला, “कायदो सरकारचो, देऊळ देवाचां. देवाक इचारूया.” आमच्याकडे अडलेली गोष्ट देवाला विचारतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाण्यात भिजवलेल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. याला कौल लावणं म्हणतात. लग्न, जमीन, गुरं, आजारपण, सगळं या कळ्यांवर ठरतं.

सगळा गाव आत जमला. मी खाली, दीपमाळेशी. मला दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. गुरवाचा आवाज भारदस्त होता.

“बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत…”

“होय म्हाराजा!” लोक एका सुरात म्हणाले.

“तुझ्या मांडार पोरांची शाळा भरता. मास्तरान आत येवन शिकवल्यान तर तुका चलत असात तर उजवो दी, चलत नसात तर डावो दी म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

मी त्या देवाला कधी मानत नव्हतो. तरी मी टाचा उंचावून, कान देऊन उभा होतो. आणि मग आतून गुरवाचा आवाज आला, जरा चाचरत, “उजवो पडलो.”

मला आनंदाची उकळी फुटली. खरं सांगतो, त्या क्षणी त्या दगडाच्या देवावर माझा जीव जडला. वाटलं, धावत जाऊन आईला सांगावं, मला जागा देवानेही राखली आहे म्हणून. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“थांब रे,” मानकऱ्याचा आवाज आला, पण तो मला नव्हता, गुरवाला होता. “तू नुसतां मास्तर म्हटलंस. देवाक वाटलां, आपलो जुनोच मास्तर. तेका देव वळाखता. परत इचार. जातीनिशी सांग.”

मी पाय मागे घेतला. गुरवाने पुन्हा कळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. या वेळी नवो मास्तर, सवलतीचो, म्हारातलो, असं सगळं व्यवस्थित सांगून झालं. “होय म्हाराजा!” झालं. मग कळी पडेना. ना उजवी, ना डावी. लोक ताटकळले, पोरं कंटाळून बाहेर पळाली, कोणाची गुरं घरी यायची वेळ झाली. शेवटी मानकरी बाहेर येऊन माझ्याकडे न बघता म्हणाला, “देवान कौल धरलो. देव सांगात तेवा बघूया. तवसर तू भायरसून शिकव.”

त्यानंतर देवाला कोणीही विचारलं नाही. देव एकदा उजवं बोलून बसला होता. पुन्हा तसंच बोलला असता तर गावाची भलतीच पंचाईत झाली असती.

मी बाहेरून शिकवायला लागलो. पोरं सभामंडपात, तोंडं माझ्याकडे. मी पायऱ्यांच्या खाली, दीपमाळेच्या डाव्या अंगाला. फळा पोरांच्या पाठीमागे, म्हणून मी एक वाक्य सांगायचो, एक थोराड मुलगी उठून ते फळ्यावर लिहायची आणि सगळ्यांनी माना वळवून ते बघायचं. पाट्या तपासायच्या तर पोरांनी त्या वरच्या पायरीवर ओळीने मांडायच्या, मी खालून वाकून बघायच्या आणि चूक तोंडाने सांगायची. पोरं पोरंच होती. कोण खालून शिकवतो आणि कोण वरून, याचं त्यांना पहिले चार दिवस नवल वाटलं, पुढे तेच त्यांना शाळेचं रूप वाटायला लागलं. मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटायचं. मोठ्यांच्या नजरेत निदान चोरटेपणा तरी असायचा, पोरांच्या नजरेत तोही नव्हता.

खुर्ची आत होती. मोकळी. मी एकदा मानकऱ्याला म्हटलं, “ती खुर्ची तरी बाहेर द्या. सरकारची आहे, मास्तरासाठी दिलेली आहे.” त्याने खरोखर विचार केला, तसा तो विचारी माणूस होता. मग म्हणाला, “भायर नेली, तू बसलंस, मगे परत आत कशी घेवची?” मी बसायला एक चिरा ओढून आणला. पावसाळा आला तसं गावाने माझ्यावर एक आडवं छप्पर घालून दिलं, चार मेढी आणि वर चुडतांची झापं. गाव अगदीच वाईट होतं असं कोणी म्हणू नये. जोराची सर आली की ती झापं गळायची आणि मी वर बघत बसायचो. विणकर दुसरी कोणी असेल, पण वीण आमच्याकडचीच होती.

सुट्टीत घरी गेलो की आई हमखास विचारायची, “खुर्ची बरी आसा मां?” मी म्हणायचो, “बरी आसा. सागवानी.” पुढे ती म्हणायची, “मी येतंय बघूक,” आणि मी सांगायचो की आता पाऊस आहे, आता वाट खराब आहे, आता परीक्षा आहेत. माझ्या मनात एक हिशेब होता. शाळा तपासायला साहेब येतो, त्याला तिकडे दिपोटी म्हणत. तो आला की त्याला सगळं दिसेल. त्याच्याकडे कायदा आहे, हुद्दा आहे. तो एक शब्द बोलला की मी आत जाईन, खुर्चीत बसेन आणि मग आईला घेऊन येईन. मी दिपोटीची वाट बघत होतो, तशी आयुष्यात नंतर कोणाचीही बघितली नाही.

तो आला. गावाने त्याला शहाळं दिलं, ओवाळलं आणि त्या खुर्चीत बसवलं. मानकरी त्याच्याशी शुद्ध भाषेत बोलायला लागला, ‘आपण’, ‘आपली कृपा’ वगैरे. पोरांनी पाढे खणखणीत म्हटले, कविता म्हटल्या, एकानेही चूक केली नाही. मला अभिमानाने भरून आलं. मग साहेब पायऱ्या उतरून माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मुलांची तयारी चांगली आहे. हे बाकीचं मला दिसतंय. पण गावाला दुखवू नका. हळूहळू होईल.” मी म्हटलं, “साहेब, आपण एक शब्द सांगितलात तर…” तो म्हणाला, “हळूहळू,” आणि रुमालाने मान पुसली.

काही आठवड्यांनी शेरा आला. ‘विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक. मात्र शिक्षक अध्यापनाच्या वेळी वर्गाबाहेर असतात. सुधारणा आवश्यक.’ या शेऱ्यावरून मला कायम करणं वर्षभर लांबलं. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. मला हसू आलं आणि त्या हसण्याची मला भीती वाटली. साहेबाने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. मी वर्गाबाहेर असतो, हे अगदी खरं होतं. गावात मात्र बोभाटा झाला की सवलतीच्या मास्तराला वर्गात थांबायला नको असतं, सरकारी जागा फुकट मिळाली की असंच व्हायचं. हे म्हणणाऱ्यांत ज्यांनी कळ्या लावल्या ते होते, आणि ज्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलं तेही होते.

आई आली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. तिने कोणाला काही कळवलं नव्हतं. पहाटे खाडी ओलांडून निघाली, विचारत विचारत डोंगराच्या वाटेने चालली आणि शाळा ऐन भरात असताना देवळाशी पोचली. माझ्या पहिल्या पगारातून घेतलेलं लुगडं तिने नेसलं होतं. घेतल्यापासून ते तसंच ठेवलं होतं, घडीच्या रेघा दिसत होत्या. हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं.

मी चिऱ्यावर बसून आतल्या पोरांना शुद्धलेखन सांगत होतो. त्यांच्या नजरा माझ्या मागे गेल्या म्हणून मी वळलो. आई पाणंदीच्या तोंडाशी उभी होती. तिने आधी वर, सभामंडपात बघितलं. तिला ती खुर्ची बरोबर दिसली असणार, मोकळी, फळ्याखाली. मग तिची नजर पायऱ्या उतरून खाली माझ्यावर आली. मी उठून उभा राहिलो. वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

ती हळूहळू माझ्याजवळ आली. दीपमाळेकडे बघितलं, पायऱ्यांकडे बघितलं, माझ्यावरच्या झापांकडे बघितलं. एका झापाचं टोक तिने बोटांत धरून वीण चाचपली. मग तिने तिथली जमीन पायाने अशी दाबली, एखादी ओळखीची वस्तू दाबून बघावी तशी.

“हयसर?” तिने विचारलं.

मी मान हलवली.

“जत्रेक, पालखेक, खंयच्याय गावात गेलंय तरी मी आणि तुझो बापूस हयसरच उभी रवायचाव. पायरेखाली, दीपमाळेच्या बगलेक.” तिच्या आवाजात रडू नव्हतं, राग नव्हता. तिला फक्त समजून घ्यायचं होतं. “तुका राखून ठेवलेली जागा ती हीच काय रे? ही तर आमची होतीच. हेच्यासाठी इतकां शिकूक कित्याक होयां होतां?”

पोरं सगळं ऐकत होती. मास्तर म्हणून मला बोलायची सवय होती, रोज घसा कोरडा होईपर्यंत बोलायचो, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आज म्हातारपणी उत्तरं पुष्कळ आहेत. जागा मिळाली म्हणून पगार मिळाला, पगार मिळाला म्हणून माझी मुलं शिकली, आज ती खुर्च्यांवर बसतात, आत बसतात. हे सगळं खरं आहे आणि मी ते कोणालाही ठासून सांगीन. पण ती त्या उन्हात उभी होती, आणि तिला यातलं काहीही सांगायची तेव्हा सोय नव्हती.

तिने केळीच्या पानातली पुरचुंडी माझ्या हातात दिली. तांदळाचे घावणे होते, गार झालेले. पाणी पी म्हटलं तर “नको” म्हणाली. गावात पाणी कुठे प्यायचं हे मला विचारून ती मला आणखी लाजवणार नव्हती. “पोरांका शिकव. ती वाट बघतत,” एवढं म्हणून ती आल्या वाटेने निघाली. मी उरलेलं शुद्धलेखन सांगितलं. कुठलं वाक्य सांगत होतो ते आठवत नाही. ती थोराड मुलगी फळ्याशी पाठमोरी उभी होती, तिने बराच वेळ वळून बघितलं नाही.

पुढच्या सुट्टीत मी घरी जायला धजत नव्हतो. गेलो तेव्हा संध्याकाळ होती. वाडीतल्या बायका आमच्या अंगणात चुडतं विणत बसल्या होत्या आणि आई मधोमध. तिचं बोलणं रंगात आलेलं होतं. मला बघूनही ती थांबली नाही.

“…तर मोठी खुर्ची, गो! अशी हातांची. पाठीमागे काळो फळो. आणि माझो झील असो टेकून बसलेलो, आणि खाली मंडपभर पोरां. मी गेलंय तर उठलो, म्हणालो, आये, बस हयसर खुर्चेर. मी म्हटलां, नको, ती तुझी जागा.”

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आईनेही माझ्याकडे बघितलं. हात मात्र विणतच होते.

शेजारची म्हातारी म्हणाली, “कशी रे ती खुर्ची? बसाक बरी वाटता?”

मी जन्मात तिच्यावर बसलो नव्हतो.

“लाकडाची आसा,” मी म्हटलं, “पण बसाक बरी वाटता.”

आईने मान हलवली आणि पुढचं चुडत विणायला घेतलं.